इंग्रजी नामाला लिंग विचारू नका

मित्रहो, नामाबद्दल बोलायचंय म्हटल्यावर समोरच्या काही चेहऱ्यांवर विशेषनाम, सामान्यनाम, भाववाचक नाम असा तक्ता उमटलेला मला दिसतोय. तो आपण सगळ्यांनीच पाठ केलाय, परीक्षेत उतरवलाय. त्याच्या जोरावर इंग्रजीचं एक तरी वाक्य मला नीट लिहिता आलं असं मात्र आठवत नाही. तेव्हा तो बाजूला ठेवू.

साधा शब्द घेऊ, दगड. मराठीत हा नुसता 'दगड' फार वेळ राहत नाही. दगडाला, दगडाचा, दगडांनी. प्रत्यय लागायच्या आधीच त्याचं 'दगडा' होतं, अनेक असले तर 'दगडां'. हे सामान्यरूप. वर तो पुल्लिंगी, म्हणून 'मोठा दगड'. तीच शिळा असती तर 'मोठी'. मराठी नाम वाक्यात शिरतं ते असं सगळं ओझं डोक्यावर घेऊन.

इंग्रजीतही एके काळी हेच होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दगडाला 'स्टान' म्हणत. त्याची रूपं होती स्टान, स्टानेस, स्टाने आणि अनेकवचनात स्टानास, स्टाना, स्टानुम. लिंगं तीन, आणि आपल्या इतकीच लहरी. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. आजच्या 'वाइफ'चा पूर्वज 'वीफ', अर्थ बाई, आणि शब्द चक्क नपुंसकलिंगी. हसू नका, आपणही 'ते पोर' म्हणतोच.

जोर शब्दाच्या सुरुवातीवर पडायचा, त्यामुळे शेवट तोंडातल्या तोंडात विरत गेला. आज उरलं काय, तर स्टोन आणि स्टोन्झ. कागदावर ॲपॉस्ट्रॉफी आधी घाला, नंतर घाला, चार रूपं दिसतात, कानाला दोनच. विभक्तीचं काम शब्दांच्या क्रमाने आणि टू, ऑफ, इन असल्या चिल्लर शब्दांनी वाटून घेतलं. लिंग तर नामावरून गेलंच.

एक प्रश्न मात्र इंग्रजीने सोडला नाही, उलट घट्ट धरून ठेवला: ही गोष्ट मोजायची की नाही? आपलं अडतं ते इथे. इंग्रजी नाम समोर आलं की आपण सवयीने तो, ती, ते शोधतो, आणि ते विचारत असतं, 'एक' म्हणू का? 'अ' आणि 'ॲन' हे मुळात 'एक' याच अर्थाच्या जुन्या शब्दातून आलेत. ते लागले की गोष्टीला कडा येतात.

'ग्लास' म्हणजे काच. 'अ ग्लास' म्हणजे पेला. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परिषदेत वाचायचा निबंध. 'आयर्न' लोखंड, 'ॲन आयर्न' इस्त्री. नामाचं रूप तसूभरही बदललेलं नाही. पुढे एक बारीकसा स्वर आला आणि पदार्थाची वस्तू झाली. आता गंमत बघा. ग्लास आणि पेपर आपण मराठीत घेतले ते मोजायच्या अर्थाने. 'दोन ग्लास आण', 'पेपर आला का?' खिडकीच्या काचेला मराठीत ग्लास म्हणणारा विरळा. त्यामुळे 'मेड ऑफ ग्लास' वाचताना क्षणभर डोळ्यापुढे पेला येतो. माझ्या तरी येतो.

मोजता न येणारी नामं मराठीला नवीन आहेत असंही नाही. 'पाच सामानं' कोणी म्हणत नाही, पाच नग म्हणतो. लगेजचं तेच आहे. 'पीस ऑफ लगेज' हा आपला नगच. 'माहिती'चं अनेकवचन करून बघा. माहित्या? जीभ अडखळते. मग हाच माणूस इंग्रजीत बिनदिक्कत 'इन्फर्मेशन्स' का लिहितो? मी स्वतः शाळेत 'फर्निचर्स' लिहून लाल शाईची रेघ मिळवलेली आहे, आणि मराठीत 'फर्निचरं' कधीही म्हटलेलं नाही. माझ्या मते दोष मातृभाषेचा नाही. 'एस लावा, अनेकवचन झालं' हा नियम आधी डोक्यात बसतो आणि त्यापुढे कानाचं कोणी ऐकत नाही.

खरी फसगत होते ती दोन भाषा वेगळी मोजणी करतात तिथे. आपण दोन बातम्या ऐकतो, चार सल्ले देतो. इंग्रजीत न्यूज आणि ॲडव्हाइस दोन्ही पाण्यासारखे, मोजायचे तर 'पीस' किंवा 'बिट' असं माप हवं. न्यूजच्या शेवटी एस दिसतो, तरी क्रियापद एकवचनी. आपले केस पिकले, तर 'केस पांढरे झाले' असं अनेकवचन. त्यांचे 'हेअर इज ग्रे'. पण कोटावर एकच सापडला, तर तो 'अ हेअर', मोजलेला, पुराव्यासारखा. उलट आपली कात्री एकटी, त्यांची 'सिझर्स' दोन पात्यांची म्हणून कायम अनेकवचनी.

आता तो एस. लिहिताना एक, बोलताना तीन: कॅट्स, डॉग्झ, बसिझ. मागे स, श, च यांच्यासारखा आवाज असेल तर 'इझ', नाहीतर तो आवाज घोष (गळ्यात कंप असलेला) की अघोष यावर ठरतं. आपण 'डॉग्स' म्हणतो, चालून जातं. 1958 मध्ये जीन बर्को या मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं आणि म्हटलं, हा 'वग'. मग दोन दाखवले: आता हे दोन कोण? मुलं म्हणाली, 'वग्झ'. असा शब्द जगात नव्हता, कोणी शिकवलेला असणं शक्य नव्हतं. नियम मुलांच्या जिभेत आधीच बसलेला होता.

फूटचं फीट होतं, याला आपण अपवाद म्हणून पाठ करतो. पण तोही एके काळी सरळ नियमच होता. फार पूर्वी अनेकवचनाच्या प्रत्ययात 'इ' होता. जीभ त्या 'इ'च्या तयारीने आधीचा स्वरही पुढे ओढू लागली. पुढे प्रत्यय गळून पडला आणि ओढलेला स्वर तेवढा राहिला. टूथ–टीथ, गूस–गीस, माऊस–माइस, सगळे त्याच घरातले. नामाच्या पोटात असा बदल आपल्याला काही परका नाही: कापूस, पण कापसाचा. 'चिल्ड्रन' तर दुहेरी अनेकवचन आहे. जुनं 'चिल्डर' आधीच अनेक होतं, त्यावर लोकांनी 'एन' आणखी चढवला.

आणखी एक ठिकाण, जिथे चांगले लिहिणारेही घसरतात. एक नाम दुसऱ्या नामापुढे विशेषणासारखं उभं राहिलं की ते मोजणं सोडतं. दात बत्तीस असले तरी 'टूथब्रश'. मुलगा पाच वर्षांचा, पण 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. आपल्या 'वर्षांचा'मधला अनुस्वार तिथे एस होऊन घुसतो.

मघाशी कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: 'इंग्रज माणूस मोजणीत चुकत नाही का?' चुकतो की. वाटाण्याला जुना इंग्रजी शब्द होता 'पीझ', एकवचनी, आणि ढिगाने बोलायचा. शेवटचा आवाज तर अनेकवचनाच्या प्रत्ययासारखाच. लोकांना वाटलं हे अनेक असणार, मग एक कोण? तो आवाज कापला आणि 17व्या शतकात 'पी' जन्माला आला. चेरीचंही तेच, फ्रेंचमधून आली तेव्हा शेपटीला एस होता. त्या वेळी एखाद्या मास्तरांनी 'पी'खाली लाल रेघ मारलीही असेल. शब्द मात्र राहिला.