धुकं रंगवताना

श्रोतेहो, नमस्कार.

पौषातल्या धुक्याच्या पहाटे दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं, की खाडीपलीकडचं धोपावे नाहीसं झालेलं असतं. फेरीबोटीचा भोंगा ऐकू येतो, बोट दिसत नाही. मग करड्या रंगातच एक जरा गडद करडा हलायला लागतो. तो गडद करडा कागदावर आणायचा, हेच माझं कितीतरी वर्षांचं काम आहे.

पूर्वी मी आधी डोंगराची रेघ काढायचो, मग माड, मग होड्या, आणि उरलेल्या जागेत धुकं भरायचो. पण धुकं सगळ्यांच्या पुढ्यात असतं. हवेतले पाण्याचे बारीक थेंब उजेड विखुरतात, त्यामुळे वस्तू जितकी लांब तितकी तिची छटा फिकी आणि कड पुसट. आता मी हवेपासूनच सुरुवात करतो.

जलरंगासाठी ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या वजनाचा) कापसाचा कागद घ्या आणि दोन्ही बाजूंनी भिजवा. पाण्याची चकाकी उतरेपर्यंत हात बांधून बसा. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र केले की सुंदर करडा मिळतो. निळा वाढवला तर पावसाळी, तांबडा वाढवला तर आपल्या जांभ्या दगडाच्या जवळचा. काळ्या रंगाची ट्यूब मी पेटीत ठेवतच नाही, तिच्यातून हवा जात नाही. रंग सोडा, फळी तिरकी करा, वाहू द्या. दुसरा हात देताना ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. जास्त झालं तर आधीचा रंग बाजूला ढकलला जातो आणि कोबीच्या पानासारखे डाग उमटतात.

तैलरंगात खरी मजा पुसण्यात आहे. रंग लावायचा आणि फडक्याने काढायचा. जे मागे राहतं तेच ठेवायचं. वाळल्यावर वर पातळ, पारदर्शक थर. प्रत्येक वरच्या थरात तेल थोडं जास्त, नाहीतर पुढे तडे जातात. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने काम करत, रंग चढवत आणि उतरवत. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणू देत नसत, आणि ती निसर्गचित्रं नव्हेतच. पण थरांखालून उजेड कसा येतो, हे शिकायला त्यांच्या चित्रासमोर तासभर उभं राहावं.

सगळंच पुसट केलं तर मात्र चित्र नुसतं मळकट दिसतं. एक कड धारदार ठेवा, एकच. माझ्या चित्रात ती बहुतेकदा ओहोटीच्या पाण्याची रेघ असते, चित्राच्या खालच्या एक तृतीयांश भागात. डोळा तिथे टेकतो आणि मग बाकीच्या धुक्यात निर्धास्त हिंडतो. तिला काय म्हणायचं, ते बघणाऱ्याने ठरवावं.

आणि आषाढात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोकणातल्या त्या दमट हवेत कागद तासन्‌तास ओला राहतो. त्याला चुलीजवळ नेऊ नका, पंख्याखाली ठेवू नका. दुसरा कागद भिजवा, आणि पहिल्यात रंग अजून कुठवर सरकतोय ते मधूनमधून बघत राहा.