दिवस राहण्याआधीचं वजन

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषयाचं नाव जरा भारदस्तच छापलं गेलंय. ‘गरोदरपणापूर्वीचा स्थूलपणा आणि त्याचे बदलते कल’. आपण त्याला ‘दिवस राहण्याआधीचं वजन’ म्हणू या. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर, संख्याशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. तरी सुरुवात आकड्यापासूनच करते, कारण घोळ तिथेच आहे.

पहिल्या तपासणीला बाई येते तेव्हा केस पेपरवर एक रकाना भरायचा असतो, गरोदरपणापूर्वीचं वजन. मी विचारते, “दिवस राहायच्या आधी वजन किती होतं?” ती छताकडे बघते, थोडा हिशोब करते आणि म्हणते, “बासष्ट असेल.” या ‘असेल’वर सगळी इमारत उभी आहे. तिची उंची १६० सेंटिमीटर धरा. उंची मीटरमध्ये, तिचा वर्ग २.५६, वजनाला त्याने भागा. येतो तो बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. ६२ किलोला तो येतो २४.२. २५च्या आत, म्हणजे वजन बेताचं. पण खरं वजन ६५ असेल तर तोच आकडा २५.४ होतो आणि बाई ‘अतिवजन’ या खान्यात जाते. फरक तीन किलोचा. माणसं स्वतःचं वजन सांगताना सहसा थोडं कमीच सांगतात, बायका आणि पुरुष दोघंही. मीसुद्धा.

हा बीएमआय मुळात बाळंतपणासाठी बनलेलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात अदॉल्फ केतले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधताना हे गुणोत्तर मांडलं. त्याला बीएमआय हे नाव मिळालं थेट १९७२ मध्ये, अँसेल कीज यांच्याकडून. चरबी किती, स्नायू किती, चरबी पोटावर आहे की मांड्यांवर, यातलं काहीही तो सांगत नाही. आशियाई वंशाच्या लोकांत कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. आपल्या १६० सेंटिमीटरच्या बाईला २३ची रेघ ५९ किलोलाच लागते. म्हणजे तिचं ते कमी करून सांगितलेलं बासष्टही त्या रेघेच्या वरच.

तरीही मोजमाप टाकून देता येत नाही. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने चुकलं, तरी दिशा कळते. आणि दिशा स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नोंदलेल्या स्थूलतेचं प्रमाण १९८९ मध्ये ७.६ टक्के होतं, २००७ मध्ये ते १५.६ टक्के झालं. एकोणीस वर्षांत दुप्पट. अमेरिकेत जन्मदाखल्याचा नमुना २००३ मध्ये बदलला आणि त्यात आईची उंची आणि गरोदरपणापूर्वीचं वजन आलं. एकेका राज्याने तो स्वीकारला आणि २०१६ पासून सगळ्या देशाचे आकडे मिळू लागले. २०१६ मध्ये बाळंत झालेल्यांपैकी २६.१ टक्के बायका आधीपासून स्थूल होत्या, म्हणजे बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त. २०१९ मध्ये २९ टक्के. तीनच वर्षांत! त्याआधी, २०१४ मध्ये, ज्या राज्यांची नोंद होती तिथे बेताच्या वजनाच्या बायका ४५.९ टक्के होत्या. म्हणजे ‘नॉर्मल’ म्हणतो त्या गटात निम्म्याही बायका नव्हत्या.

जगभराचा एक अंदाज आहे, तोही २०१४ सालचा. अतिवजन किंवा स्थूल असलेल्या गरोदर बायका सुमारे ३ कोटी ८९ लाख, त्यातल्या स्थूल १ कोटी ४६ लाख.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जन्मदाखला जिवंत जन्मलेल्या बाळाचा असतो. जिला वजनामुळे पाळीच नीट येत नाही आणि दिवस राहत नाहीत, जिचा गर्भपात झाला, जिचं बाळ पोटातच गेलं, ती त्या तक्त्यात नाही. या तिन्ही गोष्टी स्थूलपणात जास्त घडतात. म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, त्याच मोजणीतून गळतात.

कारणांवर मी फार वेळ घालवणार नाही, ती तुम्हाला माहीत आहेत. बैठं काम, अपुरी झोप, हाताशी असलेलं तयार खाणं. त्यात एक भर घालते. पहिलं मूल होण्याचं वय पुढे सरकलंय आणि वयाबरोबर वजनही सरकतं. शिवाय प्रत्येक बाळंतपण थोडं वजन मागे ठेवून जातं. तेच दुसऱ्या खेपेचं ‘आधीचं वजन’.

आता आत काय होतं ते बघू. गरोदरपणात प्रत्येक बाईचं शरीर इन्सुलिनला थोडं दाद देईनासं होतं. वारेतून येणारी संप्रेरकं ते मुद्दाम घडवतात, आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ फिरावी आणि बाळाला मिळावी म्हणून. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून हे निभावून नेतं. पण जिचं शरीर आधीच इन्सुलिनला जुमानत नव्हतं, तिच्यावर हा दुसरा भार येतो आणि साखर चढते. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात पुढचा दुवा दाखवला. साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन बनवतं, भरपूर बनवतं, आणि त्या इन्सुलिनवर पोसलं जातं. खांदे रुंद, पोट मोठं. घरचे म्हणतात, बाळ काय गुटगुटीत आहे! मला मात्र आठवतो तो डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकल्याचा एकेक सेकंद. आणि नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद होते, बाळाचं इन्सुलिन मात्र चालूच असतं. म्हणून ते गुटगुटीत बाळ पहिल्या काही तासांत साखर उतरून गळून जाऊ शकतं.

याहूनही आधी घडणारी एक गोष्ट आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ही नळी नीट न मिटण्याचा धोका स्थूल बायकांत साधारण १.७ पट असतो, अतिस्थूल बायकांत तिपटीच्या आसपास. ही नळी नीट मिटावी म्हणून द्यायची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पहिल्या भेटीत लिहून देताना माझ्या मनात दर वेळी येतं की गाडी सुटून गेलीय.

मग गरोदरपणातच वजन आवरलं तर? हा साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधायचे मोठे प्रयत्न झाले. ऑस्ट्रेलियात ‘लिमिट’ नावाच्या चाचणीत दोन हजारांवर बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन दिलं. ब्रिटनमधल्या ‘अपबीट’मध्ये दीड हजारांवर स्थूल बायका होत्या. निकाल आले २०१४ आणि २०१५ मध्ये. ‘लिमिट’मध्ये चार किलोंवरची बाळं कमी झाली, १९ टक्क्यांवरून १५ टक्के, पण गर्भवयाच्या मानाने मोठ्या बाळांचं प्रमाण, जे मुख्य माप होतं, ते हललं नाही. ‘अपबीट’मध्ये ना गरोदरपणातला मधुमेह कमी झाला, ना मोठी बाळं. बायकांनी सांगितलेलं बरंचसं ऐकलं होतं, हे लक्षात घ्या. त्या आळशी होत्या म्हणून चाचणी फसली असं नाही. सुरुवातच उशिरा झाली होती.

तर मग आधी करा, असं म्हणणं सोपं आहे. मीही म्हणत होते, २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीचा निकाल वाचेपर्यंत. दिवस राहत नाहीत म्हणून उपचारांना आलेल्या ५७७ स्थूल बायका. निम्म्यांना आधी सहा महिने वजन उतरवायला लावलं, बाकीच्यांना लगेच उपचार. पहिल्या गटाचं वजन सरासरी ४.४ किलो उतरलं. पण दोन वर्षांच्या आत पूर्ण दिवसांचं, निरोगी, नैसर्गिक प्रसूतीने झालेलं एकच बाळ, या मापावर तो गट मागे पडला, २७ टक्के विरुद्ध ३५ टक्के. उपचारांशिवाय दिवस राहिलेल्या त्याच गटात जास्त होत्या, ही जमेची बाजू. पण चार किलोंत सगळं फिटेल ही माझी समजूत तिथेच गेली.

वजन खूप उतरलं तर फरक पडतो, हे वजन उतरवायची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांवरून दिसतं. स्वीडनच्या नोंदींनुसार, शस्त्रक्रियेआधी तेवढाच बीएमआय असलेल्या बायकांशी तुलना केली तर मधुमेह ६.८ टक्क्यांवरून १.९वर आला. मोठी बाळं २२.४वरून ८.६. मात्र वाढ खुंटलेली, लहान बाळं ७.६वरून १५.६वर गेली. एका टोकाची भीती गेली आणि दुसऱ्या टोकाची आली. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात.

आणि ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी? जगातल्या जवळपास निम्म्या गरोदरपणांची आखणी झालेलीच नसते. जिला मूल हवंय की नको हेच ठरवायचंय, तिला ‘आधी वजन उतरव’ सांगणारी मी कोण? हा सल्ला फक्त बाईच्या गळ्यात मारला की आम्ही डॉक्टर मोकळे होतो. आमच्या बाजूच्या चुका साध्या असतात. एका दवाखान्यात मी बीपीचा नेहमीचाच कफ एका बाईच्या जाड दंडाला ओढूनताणून लावताना पाहिलाय. कफ तोकडा पडला की बीपी खोटंच जास्त येतं. मोठा कफ कपाटात होता, पिशवीतून काढलेलाही नव्हता. सोनोग्राफीच्या कागदावर ‘जाडीमुळे चित्र अस्पष्ट’ असं लिहिलेलं असतं. ते खरंही असतं, ध्वनिलहरी चरबीतून जाताना क्षीण होतात. पण ते वाक्य बाई घरी जाऊन दहा वेळा वाचते, आणि पुढच्या तारखेला येत नाही.

स्वीडनच्याच दीड लाख बायकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणांच्या नोंदी २००६ मध्ये तपासल्या गेल्या. दोन्हींच्या मधे ज्यांचा बीएमआय तीनने किंवा जास्त वाढला, त्यांच्यात बाळ पोटातच जाण्याचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. आपल्या १६० सेंटिमीटरच्या बाईसाठी तीन म्हणजे पावणेआठ किलो. यात सुरुवातीला बेताच्या वजनाच्या असलेल्या बायकाही आल्या.

म्हणून माझा डोळा हल्ली बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यावर असतो. आई टाके दाखवायला येते, बाळाला डोस द्यायचा असतो. बाळाचे कपडे काढून त्याला काट्यावर ठेवतात, ते रडतं, सगळे आकडा बघायला वाकतात, कुणीतरी तो मोठ्याने वाचतं, मी लिहून घेते. मोठ्यांचा काटा दाराशीच असतो. त्यावर आई पर्स आणि दुपटं ठेवते.