रांग जाते कुठे?

आजची सुरुवात मी एका दोरीपासून करणार आहे.

मनोरंजन पार्कातल्या रोलर कोस्टरच्या फलाटाच्या जरा अलीकडे दोन रांगा एकत्र येतात. डावीकडून येते ती साधी रांग. उजवीकडून येतात ते आगाऊ वेळ घेतलेले किंवा जादा पैसे भरलेले. मध्ये एक कर्मचारी, त्याच्या हातात दोरी. पार्कवाले या जागेला ‘मर्ज पॉइंट’ म्हणतात. एका मोठ्या पार्कात मी त्या जागेसमोर स्टॉपवॉच घेऊन दोन तास बसलो होतो. कर्मचारी विशीतला पोरगा. उजवीकडचे इतके सोडले की डावीकडचे इतके सोडायचे, असं त्याला बजावलेलं. पहिली दहा मिनिटं त्यानं ते पाळलं. मग उजवीकडे माणसं साचली, त्यातला एक जण मोबाइल नाचवत ‘माझी वेळ टळून चाललीय’ म्हणून आवाज चढवायला लागला आणि पोराचा हात आपसूक उजवीकडे वळला. डावीकडचे गप्प होते. तासभर उभं राहिल्यावर भांडायचंही त्राण उरत नाही. त्या रांगेत सगळ्यांत पुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. शेजारून पुढे जाणारी डोकी ती मोठ्यानं मोजत होती. साठ ओलांडल्यावर तिनं वडिलांना विचारलं, “बाबा, आपली रांग खोटी आहे का?”

वडील हसले. मला हसू आलं नाही, कारण रांगांचा अभ्यास हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि तिचा प्रश्न नेमका माझ्या विषयाच्या वर्मावर होता.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करू. राइडला तासाला जेवढ्या सीट, तेवढीच माणसं बसणार. रांग कागदाच्या चिठ्ठीत ठेवा, मनगटावरच्या पट्ट्यात ठेवा नाहीतर ॲपमध्ये, एक सीट वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रांग टाळायच्या प्रत्येक योजनेत एकाची वाचलेली वीस मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर चढतात. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुणाच्या खात्यावर किती चढवायची आणि ते त्याला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. तो प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आता थोडा इतिहास. 1955 मध्ये डिस्नीलँड उघडलं त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तिका आली. राइडांची प्रतवारी अक्षरांनी, पुढे 1959 मध्ये सगळ्यांत भारी राइडांसाठी ‘ई’ तिकीट. पुस्तिकेत ई तिकिटं मोजकी, म्हणून माणूस ती जपून वापरायचा आणि उरलेल्या तिकिटांवर छोट्या राइडांत बसायचा. गर्दी न सांगता पांगायची. 1982 मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकदा दारात पैसे भरले की काहीही, कितीही वेळा. गिऱ्हाइकाला हे आवडणारच. पण पैशाची अडवणूक गेली की वेळेची येते. सगळे त्याच चार राइडांकडे धावले.

त्यावर 1999 मध्ये डिस्नीनं फास्टपास काढला. राइडपाशी यंत्रात प्रवेशाचं तिकीट घातलं की एक चिठ्ठी मिळायची, त्यावर तासाभराचा अवधी छापलेला. त्या वेळात परत या, दुसऱ्या छोट्या रांगेतून आत जा. फुकट. कल्पना सुरेख होती: माणूस रांगेत अडकलेला नसेल तर तो खाईल, खरेदी करेल, बाकावर बसेल.

माणसांनी काय केलं? चिठ्ठी खिशात घातली आणि जाऊन दुसऱ्या रांगेत उभे राहिले!

इथे मला जरा थांबू द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकानं 1961 मध्ये एक नियम सिद्ध केला. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. सोपा वाटतो, पण त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही. साध्या पार्कात एक माणूस एका वेळी एकाच रांगेत असतो, देहानं बांधलेला. चिठ्ठी आली की देह एका रांगेत आणि नाव दुसऱ्या रांगेत. पार्कातली माणसं तेवढीच, सीट तेवढ्याच, पण रांगेतल्या जागा वाढल्या. म्हणजे सरासरी थांबणं वाढणारच. आधी ज्या राइडांवर सहज बसता यायचं, तिथेही मग रांगा दिसू लागल्या. चिठ्ठीवाले वेळ काढायला तिथेच तर येणार.

याला सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न फ्लोरिडातल्या व्होल्कॅनो बे या वॉटर पार्कानं 2017 मध्ये केला. सगळ्यांच्या मनगटावर टापूटापू नावाचा पट्टा आणि एका वेळी एकाच राइडच्या रांगेत नाव. तत्त्व चोख. पण सुरुवातीच्या दिवसांत आभासी रांगाच तासन्‌तास लांबल्या. त्याचं एक कारण कागदावर कधी दिसत नाही. वळणावळणाची रांग ही नुसती वाट पाहण्याची जागा नसते, ते माणसांचं कोठार असतं. शेकडो माणसं एका आडोशाला, पंख्याखाली रचून ठेवलेली. ती एकदम बाहेर सोडली की रस्ते तुंबतात आणि खाण्याच्या खिडक्यांपुढे नव्या रांगा लागतात. आभासी रांग लावायची तर माणसांना जायला जागा आधी बांधायला हवी, ॲप नंतर.

ब्रिटनच्या लो-क्यू कंपनीचं क्यू-बॉट नावाचं छोटं यंत्र सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकी पार्क कंपनीनं 2001 मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्यातल्या पार्कात आणलं. मला ते मनापासून आवडतं. भाड्यानं घ्यायचं, राइड निवडायची, आणि साधी रांग जितकी असेल तितकाच वेळ बाहेर काढायचा. तुमची वेळ झाली की यंत्र सांगणार. म्हणजे तुम्ही कुणाच्या पुढे जात नाही, फक्त पायांना आराम देता. मग महागडे दर्जे आले, जादा पैशांत थांबणं कमी करून देणारे, आणि तो साधेपणा गेला.

अपंगांच्या सोयीचं तत्त्वही हेच. डिस्नीनं 2013 मध्ये जुनं मदतकार्ड बंद केलं, कारण त्याच्या आडून लोक सर्रास पुढे घुसत होते. नव्या पद्धतीत रांग जेवढी, साधारण तेवढ्याच वेळानं परत यायचं. रांगेत उभं राहणं टळतं, थांबणं टळत नाही. पुढे घुसण्याचं आमिषच काढून घेतलं.

पैशांबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की यानं कळीचा मुद्दा टाळला. फास्टपासची जागा 2021 मध्ये जिनी प्लस या पैसे भरून घ्यायच्या सोयीनं घेतली. फ्लोरिडात माणशी दिवसाला 15 डॉलरपासून सुरुवात. 2024 मध्ये त्याचं नाव बदललं आणि वर प्रीमियर पास आला: वेळ ठरवायची भानगड नाही, केव्हाही या. मॅजिक किंगडम या डिस्नीच्या फ्लोरिडातल्या पार्कासाठी तेव्हा जाहीर झालेला कमाल दर 449 डॉलर, एका माणसाला, एका दिवसाला, तोही प्रवेशाच्या तिकिटाव्यतिरिक्त. मला वाटतं, पैसे घेणं हा दोष नव्हे. इतका महाग पास मोजकेच घेतील आणि साध्या रांगेला त्याची झळ फारशी लागणार नाही. खरा त्रास स्वस्त पासाचा. तो पार्कातले बरेच लोक घेतात. मग ती सवलत राहत नाही, दुसरं प्रवेश तिकीट होऊन बसते.

आता फळ्यावर थोडं गणित करू. गाडीत 24 सीट, दर 72 सेकंदांनी एक गाडी. तासाला 50 गाड्या, 1200 माणसं. समजा 70 टक्के जागा, म्हणजे 840, आगाऊ वाटून टाकल्या. साध्या रांगेला उरल्या 360. रांगेत 360 माणसं असतील तर शेवटच्याला तास लागेल. चालतंय. आता एक गाडी बिघडून बाजूला काढली आणि क्षमता 1200 वरून 900 झाली. पाव भाग घटला, एवढंच. पण 840 जणांना वेळ देऊन बसलोय! साध्या रांगेला उरल्या तासाला 60 सीट. त्याच 360 माणसांना आता सहा तास. सगळा घाव एका बाजूला.

त्या मुलीची रांग अशी खोटी होते. बाहेरच्या बोर्डावर ‘60 मिनिटं’ लिहिलेलं असतं, ते गाडी बिघडण्याआधीचं.

म्हणून माझा पहिला आग्रह: आगाऊ वाटपाचा हिस्सा निम्म्याच्या आत ठेवा, आणि तो सकाळी ठरवून गोठवू नका. राइड खरोखर किती माणसं नेतेय हे दर काही मिनिटांनी बघा आणि पुढच्या वेळा त्या हिशेबानं सोडा. घट झाली तर दोन्ही बाजूंनी सोसावी. उजवीकडच्याला ‘तुमची वेळ 25 मिनिटं पुढे गेली’ असा संदेश गेला तर आभाळ कोसळत नाही. बिघाडानंतर मात्र काही पार्क उलट करतात. रद्द झालेल्यांना ‘आज केव्हाही या’ असा पास देऊन मोकळे होतात. राइड सुरू झाल्याबरोबर सगळे एकदम लोटतात आणि डावी रांग पुतळ्यासारखी उभी राहते.

दुसरं, एका नावावर एका वेळी एकच वेळ. ती वापरली किंवा सोडली की पुढची.

तिसरं फार कंटाळवाणं आहे, पण सगळ्यांत जास्त फळ देणारं. मघाच्या गाडीत दोन सीट रिकाम्या गेल्या तर तासाला 100 माणसं वाया. एकट्यादुकट्यांची वेगळी रांग ठेवून त्या जागा भरा. गाडी दर वेळी दहा सेकंद उशिरा सुटली तर तासाला जवळजवळ दीडशे जण कमी जातात. टोप्या-पिशव्या ठेवायला फलाटाच्या आधीच कप्पे दिले तर ते दहा सेकंद परत मिळतात. ॲपवर ओततात त्यातला थोडा पैसा इथे लावला तर सीट खरोखर वाढतात. पण कप्प्यांचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, हेही खरं.

बोर्डावरच्या आकड्याबद्दल एक शेवटचं. काही पार्कांत रांगेच्या तोंडाशी अधूनमधून कुणाच्या तरी हातात एक लाल कार्ड देतात आणि फलाटापाशी परत घेतात. मधला वेळ म्हणजे साधी रांग किती लागली. मलाही एकदा मिळालं होतं. आत शिरताना बोर्डावर 40 होते, मी पोहोचलो 65 मिनिटांनी. कार्ड घेणाऱ्याला मी विचारलं, उजवीकडून आत्तापर्यंत किती सोडले? त्यानं खांदे उडवले. ते मोजायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

तेवढं द्या त्याला. दोरीशेजारी एक छोटा पडदा, त्यावर दोन आकडे: या तासात डावीकडचे किती, उजवीकडचे किती. तोंड रांगेकडे, उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसेल असं. मोबाइल नाचवणाऱ्याला त्या पोरानं नुसतं तिकडे बोट दाखवावं. आणि त्या मुलीला मोठ्यानं मोजत बसावं लागणार नाही.