कुठल्या पेपरचे?

[दृश्य : रात्रीचा महामार्ग. कॅमेरा रस्त्याच्या उंचीवर. चालणारे पाय.]

11 मार्च 2018 ची रात्र. 6 तारखेला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सायनजवळच्या सोमय्या मैदानावर पोचलाय. उद्या दहावीचा पेपर आहे. परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण नको, म्हणून मोर्चेकरी ठरवतात की रात्रीच चालायचं. दिवसभर उन्हात चाललेली माणसं पुन्हा उठतात आणि उजाडायच्या आत आझाद मैदान गाठतात. नाशिकपासून साधारण 180 किलोमीटर.

त्या आठवड्यात लाल टोप्यांचे, लाल बावट्यांचे कितीतरी फोटो आले. लोकांच्या मनात घर करून राहिले ते मात्र पाय. सोललेले तळवे, फुटलेले फोड, तुटलेल्या चपला.

असा फोटो काढायला रस्त्यावर गुडघे टेकावे लागतात, एवढं खरं. पण त्याआधी ज्या बाईचे ते पाय आहेत, तिच्याशेजारी बसावं लागतं. ती सुरगाण्याची आहे की पेठची, जमीन कसतेय त्याला किती पिढ्या झाल्या, 2006 चा वनहक्क कायदा येऊनही वनजमिनीचा पट्टा नावावर का झाला नाही, हे तिच्याकडून ऐकावं लागतं. त्याशिवाय फोटोखालची ओळ लिहिता येत नाही. आणि ती ओळ नसेल तर तो कुठल्याही दमलेल्या माणसाच्या पायाचा फोटो होतो.

हा माहितीपट आहे अशा कामावर जगणाऱ्या मुक्त, म्हणजे फ्रीलान्स, छायाचित्रपत्रकारांचा. कुठल्याच वृत्तपत्राच्या पगारपत्रकावर ज्यांचं नाव नाही, त्यांचा.

[दृश्य : पोलिसांचे बॅरिकेड. गळ्यात कार्ड असलेले काही जण आत जातात.]

बंदोबस्तावरचा हवालदार पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या पेपरचे?"

नोकरीतला फोटोग्राफर एका शब्दात उत्तर देतो. फ्रीलान्सरला गोष्ट सांगावी लागते. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय पत्रकारांना अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य ओळखपत्र, देतं आणि त्यात मुक्त पत्रकारांनाही जागा आहे. पण त्यासाठी आधी अनेक वर्षांचा अनुभव आणि छापून आलेलं काम दाखवावं लागतं. म्हणजे ज्याला कार्डाची सगळ्यात जास्त गरज, त्या नव्या मुलाकडेच ते नसतं. तो कधी एखाद्या संपादकाचा मेल मोबाइलवर दाखवतो, कधी ओळखीच्या वार्ताहराबरोबर आत शिरतो, आणि कधी मागे फिरून समोरच्या इमारतीची गच्ची शोधतो.

[दृश्य : होमाई व्यारावाला यांची कृष्णधवल छायाचित्रे.]

हे काम आपल्याकडे नवं नाही. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, एका फोटोला एक रुपया या दराने. पुढेही बरेच फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या, स्वातंत्र्याची पहाट आणि नेहरूंचा सगळा काळ टिपला, आणि 1970 मध्ये कॅमेरा खाली ठेवला. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. देशातली पहिली महिला छायाचित्रपत्रकार म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. पण फोटोखाली स्वतःचं नाव येणं ही त्यांच्यासाठीही आपोआप होणारी गोष्ट नव्हती, हे विसरून चालणार नाही.

[दृश्य : ऊसतोड. पहाटेचा अंधार, कोप्यांसमोरच्या (मजुरांच्या झोपड्यांसमोरच्या) चुली.]

आता बीडकडे येऊ. कारण या पेशाची खरी ओढाताण इथे दिसते.

दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. हिशेबात नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं. पहाटे अंधारात फड सुरू होतो. तोडलेला ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉलीत रचायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची.

हे एका दिवसात काढता येतं का? फोटो मिळतात. कोयता, ऊस, उगवता सूर्य. देखणे फोटो मिळतात. पण पहिल्या दिवशी बायका पदर सावरून उभ्या राहतात, पुरुष कॅमेऱ्याकडे बघून ताठ होतात आणि मुकादम मागून सगळ्यांवर नजर ठेवून असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक तुम्हाला विसरतात. मग दिसतं ते काम. मोळी डोक्यावर घेताना मानेची शीर कशी ताणते, सहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला कसं सांभाळते, संध्याकाळी हिशेबाची वही उघडली की बापाचा चेहरा कसा बदलतो. आणि हंगाम संपल्यावर त्याच टोळीच्या गावी जावं लागतं, उचल फिटली की अंगावर राहिली हे बघायला. हे मुक्त माणूस करू शकतो. ड्युटी लागलेल्याला उद्या दुसरीकडे जायचं असतं.

पण गंमत अशी नाही की मुक्त माणूस मोकळा असतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी फ्रीलान्स छायाचित्रकारांचं वर्षाचं घर चालतं ते लग्नांवर, कंपन्यांच्या कार्यक्रमांवर, संस्थांच्या अहवालांवर. म्हणजे ज्या महिन्यात फडावर असायला हवं, त्याच महिन्यात हळदीची ऑर्डर असते. ती नाकारली तर लेन्सचा हप्ता थकतो. घेतली तर टोळी पुढच्या गावाला निघून जाते. बाहेरून बघणाऱ्याला ही तडजोड वाटते. मला ती तडजोड वाटत नाही. लग्नाचे अल्बम नसते तर ऊसतोडीचे कितीतरी फोटो निघालेच नसते.

मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते : पैसे फोटोचे मिळतात, वेळेचे मिळत नाहीत. छापून आला तर इतके, नाही आला तर शून्य. एसटीचं भाडं, लॉजची खोली, पावसात बिघडलेला कॅमेरा, आजारपण, विमा, सगळं स्वतःच्या खिशातून. बिल पाठवायचं आणि मग लेखा विभागाला फोन करत राहायचं.

[दृश्य : रात्र. लॉजमधली खोली. लॅपटॉपच्या पडद्यावर छायाचित्रांची रांग.]

शूट संपलं की कामाचा दुसरा भाग सुरू होतो. कार्ड लॅपटॉपवर रिकामं करायचं, लगेच दुसऱ्या डिस्कवर कॉपी. शेकडो फ्रेममधून दहा-बारा निवडायच्या. प्रत्येकीखाली कोण, कुठे, केव्हा, काय. गावाच्या नावाचं स्पेलिंग, तालुका, वय तपासायचं. मग नेटवर्क मिळेल त्या कोपऱ्यात बसून फाइल पाठवायच्या.

उजेड-सावली थोडी सावरली तर चालते. फोटोतली वस्तू काढायची किंवा घालायची नाही. हा नियम किती कडक आहे ते नार्सिसो कॉन्ट्रेरास यांच्या बाबतीत दिसलं. ते मेक्सिकोचे फ्रीलान्स छायाचित्रकार. सीरियाच्या युद्धावरच्या कामासाठी 2013 मध्ये 'असोसिएटेड प्रेस'च्या चमूबरोबर त्यांना पुलित्झर मिळालं होतं. एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी पुसून टाकला. जानेवारी 2014 मध्ये एपीने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे सुमारे 500 फोटो आपल्या विक्रीच्या संग्रहातून काढले. बाकीच्या फोटोंत फेरफार सापडला नव्हता. नियम बरोबरच आहे, वाचकाचा विश्वास त्यावरच उभा असतो. पण फ्रीलान्सरला एका चुकीची केवढी किंमत पडते, तेही यात आहे.

[दृश्य : कॉपीराइट कायद्याचे पान.]

आणि हा फोटो असतो कोणाचा?

हाच प्रश्न घेऊन रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमोर यांनी 1947 मध्ये 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. नियतकालिक एकदा छापेल, हक्क छायाचित्रकाराकडे राहतील.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. पण कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून काम घेतानाच ठरवायचं असतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचं संरक्षण कर्त्याच्या हयातीभर आणि पुढे 60 वर्षं चालतं.

इतकं सगळं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "फोटो पाठवा, पान जायचंय." फोटो जातो. दुसऱ्या दिवशी पानावर दिसतो आणि खाली नाव नसतं. आठवड्याने तोच फोटो दुसऱ्याच बातमीला लागतो, दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाने. त्यात छायाचित्रकाराचं नुकसान आहेच. ज्या बाईने आपलं नाव-गाव विश्वासाने सांगितलं, तिचंही आहे.

म्हणून हा व्हिडिओ बघणाऱ्या संपादकांना आणि पान लावणाऱ्यांना आमचं थेट सांगणं आहे. फोटो मागताना त्याच मेसेजमध्ये दर लिहा, वापर एकदाच की पुन्हा पुन्हा ते लिहा. लांब पाठवत असाल तर प्रवासखर्च आधी द्या. दिवस लागणार असतील तर दिवसांचे पैसे द्या. बॅरिकेडवर दाखवायला आपल्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र द्या. आणि फोटोखाली नाव छापा, काढणाऱ्याचं आणि, हरकत नसेल तर, फोटोतल्या माणसाचंही.