बचत गटाचं रजिस्टर मोबाईलमध्ये जाताना

हे जाडजूड रजिस्टर दिसतंय ना, यात अख्ख्या गटाची अब्रू आहे. कोणी किती बचत भरली, अंतर्गत कर्ज कोणाला दिलं, कोणाचा हप्ता राहिला, सगळं यात. गटात बायका १० ते २० आणि लिहिणारी एकटी सचिव, ती चार दिवस माहेरी गेली की हिशोब बंद, आणि बँकेत कर्जाची फाईल गेली की साहेब विचारणारच, ताळमेळ कुठंय?

नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला सुरुवात केली ती ५०० गटांपासून. पुढे गट लाखांत गेले, वह्या मात्र त्याच. मग २०१५ मध्ये नाबार्डचंच ई-शक्ती आलं, गटाच्या वह्या डिजिटल करायला, सुरुवातीच्या चाचणीला जिल्हे दोनच, झारखंडमधलं रामगढ आणि आपलं धुळे. शिकवून तयार केलेली कार्यकर्ती गटाचे आकडे मोबाईलवर भरणार आणि प्रत्येक मेंबरला तिच्या भाषेत मेसेज जाणार, म्हणजे सचिव जे लिहिते ते खरंय का हे घरी पोराकडून वाचून घेता येतं.

भारी आहे हे. पण मेसेज जातो कोणाच्या नंबरवर? घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात असेल तर बाईनं गुपचूप साठवलेले पैसे आधी त्यालाच कळणार! म्हणून नाव नोंदवतानाच विचारा ना, ताई मेसेज पाठवू का, की मीटिंगमध्ये वाचून दाखवू.

आता उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांसाठी लोकओएस ॲप आहे, गटापासून गावातल्या गटांचा ग्रामसंघ आणि त्याच्या वरच्या प्रभागसंघापर्यंतचे व्यवहार त्यात भरायचे. चांगलंच आहे, फक्त असं काही बनवताना वरच्या ऑफिसला काय दिसणार हेच आधी ठरतं असं मला वाटतं. गटाचं खरं काम मीटिंगमध्ये चालतं. जूनमध्ये बियाणं घ्यायचं, पोरांची फी भरायची, सगळ्यांना पैसे एकदमच हवेत आणि गटाकडे तेवढे नसतात, मग भांडाभांडी होते, कोणीतरी म्हणतं जाऊ दे गं, हिला आधी द्या, मी थांबते, आणि जिच्या घरी आजारपण आलंय तिचा हप्ता सगळ्याजणी मिळून महिनाभर पुढे ढकलतात. ॲपमध्ये तो हप्ता नुसता थकीत दिसला तर गटाची पत उगाच जाणार. तिथे 'गटानं मुदत दिली' असं वेगळं बटण पाहिजे, आणि ते कुठे ठेवायचं हे ॲपवाल्यांनी ऑफिसात बसून ठरवू नये, एकदा मीटिंगला येऊन बसावं, शक्यतो जूनमधल्याच.