क्षार किती, पाणी किती

काचेच्या झरोक्यातून दिसणारा हा पिवळसर प्रवाह लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणाचा आहे. रंग मात्र त्या क्षाराचा नसून गंज रोखण्यासाठी मिसळलेल्या क्रोमेटचा आहे. या शीतयंत्रात कॉम्प्रेसर नाही. वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी दाबात पाणी सुमारे ५ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ हे द्रावण शोषून घेते. शोषणाने विरल झालेले, साधारण ५८ टक्के क्षार असलेले द्रावण जनरेटरमध्ये, म्हणजे त्यातले पाणी उकळून काढणाऱ्या भांड्यात, तापवून ६३ टक्क्यांच्या आसपास तीव्र केले जाते. यंत्राचा सारा कारभार या चार-पाच टक्क्यांत चालतो, आणि तरीही बहुतेक ठिकाणी ते मोजले जातात ते असे.

निर्वात कुपीत नमुना काढायचा, तो उंच नळीत ओतायचा, घनता दाखवणारा तरंगता हायड्रोमीटर सोडायचा आणि तो स्थिर होईपर्यंत थांबायचे. पाण्याच्या सुमारे १.७ पट घनतेच्या या द्रावणात तो किती वर तरंगतो, ते पाहा. मग तापमान नोंदवून तक्त्यात बोट फिरवायचे. हाती येणारा आकडा अचूक असतो, पण तो मघाच्या द्रावणाचा असतो.

तापमान आणि बाष्पदाब यांवरून आलेखाच्या आधारे संहती, म्हणजे द्रावणातले क्षाराचे प्रमाण, काढता येते, मात्र त्यासाठी द्रावण समतोलात असावे लागते; यंत्रात थोडी हवा शिरली, तरी हा हिशेब फसतो. विद्युतवाहकताही मोजता येते, पण ती संहतीबरोबर आधी वाढते आणि पुढे घटते, त्यामुळे एकाच वाचनाची दोन उत्तरे निघतात.

नळीत बसवलेला हा छोटा प्रिझम म्हणूनच महत्त्वाचा आहे. द्रावणाला टेकलेल्या त्याच्या पृष्ठभागावर आतून प्रकाश पडतो, ठरावीक कोनापलीकडचे किरण पूर्णपणे परावर्तित होतात, आणि उजेड-अंधारातली ही सीमारेषा संहतीनुसार सरकते. तापमानाची दुरुस्ती शेजारचा संवेदक करतो. नमुना काढावा लागत नाही आणि निर्वातही मोडत नाही.

संहती फार वाढली किंवा तीव्र द्रावण अवेळी गार झाले, तर उष्णता-विनिमयकात क्षाराचे स्फटिक धरतात आणि यंत्र बंद पडते. ही तुंबलेली नळी तशीच आहे.

इथे पडद्यावरचा आकडा चढू लागला आहे, आणि जनरेटरला वाफ देणारी झडप हळूहळू मिटते आहे.