अक्काचा टॉवेल आणि दाजींची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे गाडीच्या पुढच्या दिव्यांबद्दल, म्हणजे हेडलाईटबद्दल. नव्या गाड्यांत हल्ली हे दिवे आपले आपण लागतात आणि आपले आपण विझतात. लाईटच्या दांडीवर 'ऑटो' लिहिलेलं असतं, तिथं एकदा खूण आणून ठेवली की झालं. मग हातानं दिवा लावायची सवय ठेवायची का सोडायची, हा आजचा विषय. पण आधी आमच्या दाजींची गोष्ट सांगतो. खरं म्हणजे विषय सुचला तोच या गोष्टीवरून.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घेतली. आधीची गाडी चौदा वर्षं वापरली होती. तिचा डॅशबोर्ड सोलापूरच्या उन्हानं असा तडकला होता, की पावसानं ओढ दिलेलं रान बघावं. नवी गाडी दारात उभी राहिली, त्याच दिवशी अक्कानं ठरवलं, हिचं तसं होऊ द्यायचं नाही. तिनं कपाटातला एक कोरा टॉवेल काढला आणि काचेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरला. आता सोलापुरात कोऱ्या टॉवेलाला काय तोटा? लग्नातले असतात, वास्तुशांतीतले असतात, सत्कारातले असतात. आपल्या चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे बरं का, आणि तरी सोलापूरचेच लोक बाहेरगावी जाऊन पातळ पंचे घेऊन येतात. मला याचा राग येतो. असो.

तर मे महिना, गुरुवार, सकाळचे साडेदहा. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालो. दाजी गाडी चालवायला, शेजारी अक्का, मागं मी. एमआयडीसी ओलांडतोय तोच समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं हात वर केला आणि पाची बोटं मिटली, उघडली, मिटली, उघडली. मी इथं करून दाखवतोय, पण रेडिओवर तुम्हाला काय दिसणार! तुम्हाला माहीतच आहे म्हणा ती खूण. 'लाईट चालू आहे' ही खूण. दाजी म्हणाले, "ओळखीचा दिसतोय," आणि त्यांनीही हात केला.

पुढं कुंभारीजवळ एक टेम्पो आला, त्यानं डिपर मारला. त्याच्या मागोमाग समोरूनच एक जीप आली, तिनंही मारला. आता समोरच्यानं डिपर मारला, तर आपल्याकडं त्याचा अर्थ एकच, पुढं पोलीस उभे आहेत. दाजींनी वेग चाळीसवर आणला. अक्काला म्हणाले, "पट्टा लाव." आरशातून मला म्हणाले, "तुम्हीपण लावा ओ." मी लावला. वळसंग आलं. पोलीस नाहीत. वळसंग गेलं. पोलीस नाहीतच. डिपर मात्र येतच होते. दाजी म्हणाले, "आज लई मोठी नाकाबंदी दिसतीय, अक्कलकोटातच असणार." सोलापूर ते अक्कलकोट 40 किलोमीटरच्या आसपास. उरलेल्या वाटेवर मागून बैलगाडीनं गाठावं इतक्या बेतानं आम्ही गेलो.

त्यात अक्काला लावायचा होता अभंग आणि गाडीतला स्क्रीन अंधारलेला. बारा वाजताचं ऊन नि स्क्रीन असा मंद, की त्यावर तोंड दिसावं, अक्षर दिसू नये. दाजींचा चेहरा पडला. "पंधरा दिवस झाले गाडीला, आणि स्क्रीन गेला." मीटरमध्ये एक हिरवं चिन्हही पेटलं होतं. मी विचारलं, हे काय? दाजी म्हणाले, "हिरवं हाय न्हवं? हिरवं म्हणजे सगळं ठीक." मी तीस वर्षं गाडी चालवतोय श्रोतेहो, आणि मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडं गेलो. विशी-बाविशीचा पोरगा. दाजींनी त्याला स्क्रीन सांगितला, डिपर सांगितले, हिरवं चिन्ह सांगितलं. तो आत बसला, चावी फिरवली. ना पाना घेतला, ना टेस्टर. दोन बोटांनी टॉवेलाचं टोक उचललं आणि गप्प बसून राहिला. चार-पाच सेकंद गेले. स्क्रीन लख्ख झाला. टॉवेल सोडला. परत चार-पाच सेकंद. स्क्रीन अंधारला, समोरच्या भिंतीवर हेडलाईटचा उजेड पडला. मग त्यानं टॉवेल पूर्ण बाजूला केला. खाली काचेच्या बुडाशी, कोटाच्या बटणाएवढा एक काळा ठिपका होता. पोरगा म्हणाला, "काका, गाडीच्या डोळ्यावर पांघरूण घातलंय तुम्ही. तिला वाटतंय रात्र हाय."

पैसे किती, म्हटलं तर म्हणाला, "टॉवेल उचलायचं काय घेऊ ओ?"

घरी येऊन अक्काला सांगितलं. आपलं चुकलं असं ती म्हणेल, ही आशा कुणालाच नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे गावाकडच्या कोंबड्यांसारखी हाय की ही गाडी. वरनं डालगं टाकलं की रात्र!"

श्रोतेहो, अक्काच्या या एका वाक्यात ऑटो हेडलाईटचं सगळं तंत्र आलं. काचेच्या बुडाशी किंवा आरशामागं एक सेन्सर असतो. त्याच्यावर किती उजेड पडतो, एवढंच तो मोजतो. उजेड ठरावीक पातळीच्या खाली गेला, की दिवे लागतात, मीटर नि स्क्रीन रात्रीसारखे मंद होतात. उजेड वाढला, की दिवे विझतात. मीटरमधलं हिरवं चिन्ह म्हणजे दिवा लागलाय, निळं चिन्ह म्हणजे अप्पर, लांबवर पडणारा झोत, लागलाय; जवळ, खाली पडतो तो डिपर. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1952 साली 'ऑट्रॉनिक आय' नावाचा डोळा गाडीत बसवला होता, तो समोरून गाडी आली की अप्परचा डिपर करायचा. आपल्याकडं तेव्हा आणि पुढंही कितीतरी वर्षं ॲम्बेसिडरचं डिपरचं बटण क्लचशेजारी पायाखाली असायचं.

तर सेन्सर उजेड मोजतो. पुन्हा सांगतो, उजेड मोजतो. समोरचं दिसतंय का नाही, हे तो मोजत नाही.

संध्याकाळी, बोगद्यात, पुलाखालून जाताना ऑटोसारखं सुख नाही, हे मान्य. गाडी बंद केली की दिवे बंद, त्यामुळे सकाळी बॅटरी उतरलेली आणि सगळी गल्ली धक्का मारायला, हा प्रकारही गेला. (मला तो आवडायचा. शेजारी एकमेकांशी बोलायचे तरी.) पण धुकं पडलं, की हा डोळा फसतो. धुकं पांढरं असतं, त्याच्यावर सूर्य चमकतो, सेन्सरला भरपूर उजेड मिळतो आणि तो म्हणतो, दिवस आहे. दिवसा कोसळणाऱ्या पावसातही तेच. वायपर चालू झाले की दिवे लावणाऱ्या काही गाड्या आहेत, पण सगळ्या नाहीत.

आणि यात एक मेख आहे. नव्या गाड्यांना पुढं दिवसाही जळणारे बारीक दिवे असतात, डीआरएल म्हणतात त्यांना. ते पेटलेले दिसतात, मीटरही उजळलेला असतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळे दिवे लागले. पण डीआरएल बहुतेक गाड्यांत फक्त पुढं. मागचे लाल दिवे बंद. मागचे दिवे बंद, हे लक्षात ठेवा. मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 105 क्रमांकाचा नियम सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं आणि सूर्योदयाच्या आधी अर्धा तास यांच्या मधल्या वेळेत दिवे लावायला सांगतो, आणि पुढं असंही सांगतो, की पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही लावा. ऑटोवर गाडी होती, हे उत्तर त्यात कुठं नाही.

दुचाकीवाल्यांची यातून सुटका झाली आहे. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबर कायम चालूच. बटणच नाही. तरी अजून लोक त्यांनाही बोटं मिटून उघडून दाखवतात. आणि ते बाजारातून आणून बसवलेले पांढरेफेक एलईडी! पंढरपूर रोडला रात्री समोरून आले, की वारकऱ्यांची दिंडी दिसू नये, असा झगझगाट. त्या लोकांना एकदा त्यांच्याच गाडीसमोर उभं करावं.

बरं, मुद्दा. यंदा जानेवारीत मंगळवेढ्याला हुरड्याला निघालो. तीच गाडी, तेच तिघं. सकाळी सात-साडेसात. बेगमपूरला भीमेवरच्या पुलाजवळ धुकं असं, की पुलाचा कठडाही जेमतेम दिसावा. दाजी निवांत. पुढचे बारीक दिवे पेटलेले. पुलाआधी कडेला गाडी थांबवायला लावून मी उतरलो आणि मागं जाऊन पाहिलं. अंधार. दाजींना हाक मारली, "दाजी, दांडी फिरवा! ऑटो सोडा, हातानं लावा!" कट् कट् असा दोनदा आवाज आला. पहिल्याला मागचे लाल दिवे लागले, दुसऱ्याला पुढचा डिपर. अप्पर लावू नका म्हणून वेगळं ओरडलो, कारण धुक्यात अप्पर लावला की सगळा उजेड परत आपल्याच डोळ्यात येतो.

मी आत बसलो, गाडी निघाली आणि पुलाच्या मधोमध समोर उसाची एक भिंत उगवली. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वाढं पार रस्त्यापर्यंत लोंबलेलं, त्यात रिफ्लेक्टर असलाच तर झाकलेला. दिवा तर नव्हताच. दाजींनी हळूच ब्रेक दाबला. त्याच्या मागं आम्ही पंधराच्या वेगानं चाललो. आमच्या मागं एक एसटी येऊन लागली होती, तिनंही अंतर राखलं होतं. आमचे लाल दिवे दिसत होते तिला.

कुणी काही बोलत नव्हतं. मी पुढं वाकून पाहिलं, तर डॅशबोर्डवर टॉवेल होताच, तोच. पण काचेच्या बुडाशी त्याला एक गोल भोक पाडलेलं होतं, कडेनं हातशिलाईनं बारीक काज घातलेलं, आणि त्यातून ते काळं बटण बाहेर डोकावत होतं.

नमस्कार.